ट्रंकेतली विमाने: युद्धकाळातली पोस्टर जमवताना केलेल्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

मालवणच्या घराला नवे वासे घालायचे म्हणून माळा रिकामा केला. चुलत आजोबांची लोखंडी ट्रंक खाली आली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नेव्हीतला नंबर, आत कसर लागलेला गणवेश आणि गणवेशाखाली घडी घातलेले सात मोठे कागद. कागदांवर काळीकुट्ट विमाने. प्रत्येक विमान तीनदा काढलेले: समोरून, बाजूने आणि पोटाखालून.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या भारतीय नौदलात, तोफेवर होते. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे तोफेवरच्यांना ओळखता यावे म्हणून छापलेली ही पोस्टर. कराचीच्या 'हिमालय' या तोफशाळेत शिकले आणि मग माइनस्वीपरवर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या जहाजावर, गेले, एवढेच घरात सगळ्यांना ठाऊक. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून (आमचा सिंधुदुर्ग १९८१ सालचा) नेव्हीत गेलेल्यांची घरे किनाऱ्याला गावोगाव आहेत. म्हणजे अशा ट्रंकाही असणार. ज्यांच्या माळ्यावर आहेत त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

पहिली चूक पाच मिनिटांतच झाली. भर दुपारी उत्साहाने वरची घडी उलगडली. कागद पापडासारखा करकरला आणि मधल्या घडीवर वीतभर फाटला. युद्धकाळातला कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वस्तातला. त्याच्यातलेच आम्ल त्याला आतून खात असते. बाकीचे सहा तसेच घडीत ठेवले आणि रात्रभर खाडीकडच्या खिडकीपाशी सोडले. सकाळी केळीच्या पानासारखे नरम, एकही फाटला नाही. जाणकार यासाठी बंद पेटी, ओला कपडा, वर जाळी असे बरेच सांगतात. आमच्याकडे खिडकी पुरते.

१३ फेब्रुवारी

माझा धंदा छपाईचा. डीटीपी, लग्नपत्रिका, बिलबुकं, आता जास्त करून फ्लेक्स. त्यामुळे विमानांआधी नजर गेली ती तळाच्या बारीक ओळीकडे. ब्रिटिश सरकारी छपाईत ही ओळ असतेच: कामाचा नंबर, किती प्रती काढल्या, महिना आणि साल, छापखान्याची आद्याक्षरे. आमच्या सातांपैकी चारांवर ८/४२ आहे, दोघांवर ४३ साल आहे, एकाची खालची पट्टीच उंदराने नेली आहे.

त्या सातव्याचा काळ विमानांच्या नावांवरून काढला. जपानी विमानांना आधी नुसते 'नेव्ही टाइप ०' असे म्हणत. जपानी पंचांगातल्या २६०० साली, म्हणजे आपल्या १९४० साली सेवेत आले म्हणून शून्य. ही नावे तोफेवरच्या माणसाच्या लक्षात राहीनात, म्हणून १९४२च्या उत्तरार्धात दोस्त राष्ट्रांनी सोपी नावे ठेवायला सुरुवात केली. लढाऊ विमानाला पुरुषाचे नाव, बॉम्बफेक्याला बाईचे. या टाइप ० लढाऊ विमानाचे, म्हणजे झीरोचे, 'झीक' झाले, एका बॉम्बरचे 'बेटी' झाले. ज्या कागदावर ही नावे छापलेली आहेत तो १९४२च्या पूर्वार्धातला असूच शकत नाही. सातव्यावर 'बेटी' छापलेले आहे.

२ मार्च

सातांवर समाधान मानायला हवे होते. ओळखीतून मुंबईच्या एका विक्रेत्याकडे तसलेच एक पोस्टर असल्याचे कळले. फोटो बघितला, ४,५०० रुपये पाठवले, नळकांड्यातून पोस्टर आले. पिवळट कागद, कोपऱ्यात पाण्याचा डाग, घडीच्या रेघा. घरच्यांना बोलावून दाखवले.

रात्री दुकानात भिंगाखाली धरले आणि कपाळावर हात मारला. घडीची रेघ छापलेली! पाण्याचा डाग छापलेला! कागदाचा पिवळेपणासुद्धा चार रंगांच्या ठिपक्यांनी बनलेला. खऱ्या पोस्टरवर विमानाचा काळा रंग एकजीव असतो, कडा धारदार. इथे काळ्याच्या कडेला निळे-गुलाबी कण. दिवसभर हेच काम करणाऱ्या माणसाला ४,५०० रुपयांचा डिजिटल प्रिंट कोणीतरी गळ्यात मारला होता.

विकणाऱ्याला फोन केला. "जुना आहे असं मी कुठे म्हटलं?" खरेच म्हटले नव्हते. ब्रिटिश सरकारी प्रकाशनांचा कॉपीराइट छापल्यापासून पन्नास वर्षांत संपतो, त्यामुळे नकला छापायला कोणाची हरकत नाही आणि त्या उदंड आहेत.

पैसे देण्याआधी काय बघायला हवे होते, ते आता सांगतो. एक, मापे. आमच्या ट्रंकेतली मोठी पोस्टर २० बाय ३० इंचांची आहेत, ते ब्रिटिश छापखान्याचे जुने माप. माझे ४,५०० रुपयांचे पोस्टर भरले बरोब्बर ए२, म्हणजे आजचे मेट्रिक माप. १९४२ साली लंडनच्या छापखान्यात ए२ कुठून येणार? दोन, नोटा तपासायचा निळा दिवा. आजचा बहुतेक कागद त्याखाली पांढराफटक चमकतो, कारण त्यात उजळपणासाठी रसायन घालतात. ते कागदात सर्रास पडू लागले १९५०नंतर. ट्रंकेतले कागद त्या दिव्याखाली मक्ख राहिले, मुंबईचा कागद लग्नाच्या मांडवासारखा उजळला. दिवा गल्ल्याशेजारीच होता. तीन, भिंग. तेही खिशातच होते.

१७ मार्च

आज साफसफाई. या नोंदीवर मला सगळ्यात जास्त लाज आहे.

सातांपैकी एक पोस्टर रंगीत. त्यावर वेगवेगळ्या देशांच्या विमानांवरच्या खुणा आहेत: जपानचा लाल गोळा, ब्रिटनचे निळे-पांढरे-लाल वर्तुळ, अमेरिकेचा तारा. ब्रिटिश वर्तुळाच्या लाल गाभ्यावर पेन्सिलीने जाड फुली मारलेली होती. कोणातरी पोराने गिरगटले असणार, असे मी ठरवले. नरम खोडरबर किसणीवर किसले, चुरा हलक्या हाताने फिरवला. धूळ गेली, कागद उजळला. फुलीही गेली. फार छान वाटले.

७ मे

मधले दोन महिने निवडणूक. फ्लेक्सच्या मशीनला रात्रीही विश्रांती नव्हती. आज मतदान झाले, उद्यापासून झोपणार.

१२ मे

काका मुंबईहून सुट्टीला आले. ट्रंकेवाल्या आजोबांचे ते धाकटे चिरंजीव, वय अठ्ठ्याहत्तर. ओटीवर पोस्टर पसरून दाखवली. रंगीत पोस्टरवर त्यांनी बोट ठेवले आणि म्हणाले, "हयसर फुली होती मां रे?"

मी म्हटले, पुसली.

"पुसलंस? अरे, ती बापाशीनच मारलेली. लाल टिको दिसलो काय जपानी, असा तेंका शिकवलेला. मगे आपल्याच इमानाक लाल टिको कसो चलात?"

मग मी शोधाशोध केली. आपल्या बाजूच्या तोफा आपल्याच विमानांवर चालू नयेत म्हणून अमेरिकेने मे १९४२मध्ये ताऱ्यातला लाल ठिपका काढला. भारत-ब्रह्मदेशाकडच्या ब्रिटिश विमानांवरूनही १९४३च्या सुमारास लाल गाभा गेला, पुढे दोन निळ्या छटांची छोटी वर्तुळे आली. पोस्टर ८/४२चे, म्हणजे छापून येईपर्यंत जुने झालेले. ते फेकून दुसरे येण्याची वाट कोण बघणार? आजोबांनी पेन्सिल घेतली आणि दुरुस्ती केली. ऐंशीएक वर्षांनी नातवाने ती खोडली.

फरक किती बारीक असतो तेही बघा. झीरोचे पंख टोकापासून टोकापर्यंत १२ मीटर, आपल्या बाजूच्या हरिकेनचे १२.१९. उन्हात डोळे बारीक करून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच. अशा वेळी रंगाच्या ठिपक्यावर भरवसा, आणि तो ठिपकाच फसवा.

रात्री झोप लागेना. दुकानात जाऊन सगळे दिवे घालवले आणि मोबाइलची बॅटरी पोस्टरच्या पातळीला आणून आडवी धरली. तिरप्या उजेडात फुली दिसली. शिसे गेले होते, पण आजोबांनी इतकी दाबून मारली होती की कागदात खळगा राहिलाय. डावीकडून आणि वरून असे दोनदा फोटो काढून ठेवले. पुन्हा पेन्सिलीने गिरवू का, असे काकांना विचारले. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितले.

यापुढे नियम: साफसफाईच्या आधी पुढून, मागून आणि तिरप्या उजेडात फोटो. पुसायचे ते फक्त मागच्या कोऱ्या बाजूचे.

१९ मे

काकांच्या ओळखीने मालवण, देवगड, वेंगुर्ला या बाजूच्या पाच घरांत जाऊन आलो, घरात कोणीतरी नेव्हीतले होते अशा. स्कूटरचे पेट्रोल आणि पाच ठिकाणचे पन्हे.

दोन घरांत काही नव्हते. एका घरात पोस्टर फळीवर अंथरलेले, त्यावर तांब्याची भांडी. विमानांच्या जागी हिरवी चकंदळे. आणखी एका घरात पोस्टरच्या पाठीवर मुलांचे पाढे. तेव्हा कागदाची टंचाई, कोरी बाजू वाया कोण घालवणार? पाचव्या घरात मात्र पोस्टर आरशासारखे स्वच्छ, काचेत लावलेले. आजी म्हणाल्या, विकायचे नाही, फोटो काढा. मला तेच बरे वाटले. भाव विचारायला लागलो की माणसे कागद लपवायला लागतात, हे दुसऱ्या घरातच कळले होते. फोटोवरून नक्कल काढून देईन, खरे पोस्टर उन्हातून हलवून आतल्या खोलीत लावा, एवढे सांगून आलो.

९ जून

पाऊस लागला. घरात बसून धुण्याचा विचार. आम्ल काढायला कागद पाण्यात धुतात, आणि चुन्याची निवळी वापरली तर उरलेले आम्लही मरते, असे वाचले होते. निवळी घरातच झाली. आधी चाचणी, हे आता शिकलो होतो.

रंगीत पोस्टरच्या कडेवर छपाईवाल्याने रंग जुळवायला ठेवलेला निळ्याचा ठिपका आहे. त्यावर काडीने निवळीचा थेंब. तीन मिनिटांत मोहरीएवढी जागा तपकिरी झाली. त्या काळच्या निळ्या शाईत प्रशियन निळा असायचा आणि त्याला चुना सोसत नाही. पूर्ण कागद निवळीत घातला असता तर ब्रिटिश वर्तुळ चहाच्या डागासारखे झाले असते.

दुसरी चाचणी पेन्सिलीची. जपानी विमानांच्या पोस्टरवर आजोबांनी प्रत्येक आकृतीशेजारी काहीतरी लिहिलेय. पेन्सिल पाण्याने जात नाही हे शाळेतल्या पोरालाही माहीत, तरी 'कुर्ली' या शब्दाच्या शेवटच्या वेलांटीवर ओल्या कापसाचे टोक टेकवले. वेलांटी जांभळी झाली! ही कॉपिंग पेन्सिल. ओली झाली की शाईसारखी पसरते, आणि त्या काळी सरकारी कामात ती सगळीकडे असायची. पाण्यात घातले असते तर आजोबांचे सगळे अक्षर जांभळ्या पाण्यात गेले असते.

धुणे रद्द. सातही कागद न धुता ठेवणार. आम्ल राहील, कागद हळूहळू तांबूस होईल, होऊ दे.

आता ते शब्द, सगळी आमच्या मासळीची नावे. झीरोशेजारी 'बांगडो'. जाडजूड पोटाच्या बेटीशेजारी 'मोरी' (शार्क). मेव्हिस म्हणून जी चार इंजिनांची मोठी समुद्री विमाने होती, ४० मीटर पंखांची, त्यांच्याशेजारी 'वागळी' (पंख पसरल्यासारखा चपटा मासा). आणि ज्या व्हॅल विमानाची चाके पोटात न जाता खाली लोंबत राहायची, त्याच्याशेजारी 'कुर्ली' (खेकडा). चौथी शिकलेल्या माणसाने इंग्रजी नावे पाठ करण्यापेक्षा हे बरे. पाय खाली दिसले की कुर्ली! चूक होणे शक्य नाही.

२३ जून

बुरशी आली.

कारण माझी हुशारी. पावसाची भीती म्हणून त्या चाचण्यांनंतर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणला, कागद आत ठेवले, कडेने चिकटपट्टी लावली. पण कागद त्या दिवशीच्या हवेतले पाणी पिऊन बसलेले होते. बाहेरची दमट हवा अडवली आणि आतली कोंडली. उघडले तर तीन कागदांच्या कडेला करड्या रंगाची लव.

ओली असताना पुसू नका, ती आत चोळली जाते. कागद टीपकागदावर पसरले, दुकानाच्या एसीच्या खोलीत दोन दिवस वाळवले. लव कोरडी झाल्यावर मास्क लावून नरम ब्रशने बाहेरच्या दिशेने झटकली. दोन कागदांवर फिकट डाग राहिलेच.

मग नीट केले. आर्द्रता दाखवणारा छोटा मापक घेतला (४५० रुपये, ओटीवर ९१ दाखवतो, एसीत ५५). कागद आधी एसीत, मापक ५५च्या आत आल्यावरच डब्यात. सोबत सिलिका जेलच्या पिशव्या. त्यातले दाणे केशरीचे हिरवे झाले की मंद आचेवर जुन्या कढईत परतून पुन्हा केशरी करायचे. त्या कढईत परत पोहे करायचे नाहीत, हे घरात लिहून लावावे लागले. डांबराच्या गोळ्या आणि लॅमिनेशन दोन्ही नको. लॅमिनेशन माझ्याच दुकानात होते, तरी सांगतो.

१४ जुलै

फाटलेले जोडायचे. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो, त्यामुळे तो नाही. गव्हाच्या सत्त्वाची खळ लागते. विकत मागवायला निघालो तर आई म्हणाली, "अरे, हा तर कुरडयांचा चीक." आई कोल्हापूरची. तीन दिवस गहू भिजवले, रोज पाणी बदलले, वाटून गाळून घेतले, रात्रभर खाली बसू दिले, वरचे पाणी ओतून टाकले. मीठ घालण्याआधीच मी वाटीभर उचलला. पाण्यात शिजवून, गाळून, सायीइतका पातळ केला.

पहिला डाव फसला, कारण खळ मी जाड लावली. सुकताना जोड आक्रसला आणि कागद होडीसारखा वर आला. पुन्हा ओलसर करून सोडवला. अर्धा दिवस गेला. (नशिबाने जोडाच्या जागी आजोबांचे अक्षर नव्हते.) दुसऱ्यांदा जपानी टिश्यूची (लांब तंतूंच्या पातळ कागदाची) पट्टी हाताने फाडून घेतली, म्हणजे कडेला तंतू सुटे राहतात आणि जोड दिसत नाही. खळ ब्रशने नुसती पुसल्यासारखी. वर टीपकागद, त्यावर काच, काचेवर शाळेच्या शब्दकोशाचे दोन खंड. सकाळी सपाट.

आमच्या बाइंडरने सल्ला दिला होता: खळीत चिमूटभर मोरचूद घाल, कसर लागणार नाही. पिढ्यान्पिढ्या वह्या तशाच बांधल्यात. पण मोरचुदातले तांबे कागद लवकर कुजवते. जुन्या चोपड्यांच्या पुठ्ठ्याखालची पाने बघा, तिथेच जास्त मोडतात. बाइंडरला हे सांगितले नाही, माणूस चांगला आहे.

८ सप्टेंबर

काल गणपती आले. पाहुण्यांना दाखवायचे म्हणून रंगीत पोस्टर फ्रेम करून माजघरात लावले होते. आज सकाळी काचेच्या आतून वाफ. चिऱ्याची भिंत पावसात पाणी ओढते आणि फ्रेम पाठीने तिला टेकलेली. उतरवले, सोडवले, वाळवले. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून अर्धा इंच अंतर ठेवले, आणि आत नक्कल घातली. खरे पोस्टर डब्यात. एकाही पाहुण्याला फरक कळला नाही. मलाही मार्चमध्ये कळला नव्हता.

२० ऑक्टोबर

एक खरे पोस्टर मिळाले, पुण्याच्या एका संग्राहकाकडून, ६,२०० रुपयांना. या वेळी माप, दिवा, भिंग, तळाची ओळ, सगळे त्यांच्या टेबलावरच तपासले. ते हसत होते. जर्मन विमानांचे आहे, आमच्या किनाऱ्याशी काही संबंध नाही. घ्यायला नको होते खरे तर.

आत्तापर्यंतचा खर्च: नकली पोस्टर ४,५००, खरे ६,२००, जपानी टिश्यू १,९००, पॉलिएस्टरची पाकिटे १,४५०, आम्लरहित पुठ्ठा २,२००, मापक ४५०, सिलिका ३८०, फ्रेम १,६५०. एकूण १८,७३०. ट्रंकेतली सात फुकट मिळाली आणि सगळे काम त्यांनीच करून घेतले.

काचेतल्या पोस्टरवाल्या आजींना नक्कल पोचवली. तळाच्या ओळीत मी 'प्रतिकृती, २०२४' असे छापतो, पुसता येणार नाही असे. पुढे कोणी ती ४,५००ला विकायला काढली तर घेणाऱ्याला निदान वाचता येईल.

'वागळी'च्या पंखाखालची फट अजून जोडायची आहे. खळ संपली. आईने आज सकाळी गहू भिजत घातलेत.